शेवटचा परिच्छेद काढ!

पत्रकार पुढच्या रांगेत आणि ब्लॉगवाले मागे, स्वच्छतागृहाच्या दाराजवळ… ही मॅडमची बैठकव्यवस्था. जनसंपर्काच्या धंद्यात त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि चार संपादकांना फोन केला की जग गप्प बसतं यावर त्यांचा अजून पूर्ण विश्वास होता. तर विजेच्या नव्या किटलीचा समारंभ होता आणि मागच्या रांगेत भेटपिशव्या वाटायचं काम मॅडमच्या हाताखालच्या एका मुलीच्या गळ्यात पडलं होतं. एरवी ती कंपन्यांची निवेदनं लिहायची. ऑफिसात तिला सगळे निवेदनबाईच म्हणत.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या तरुणानं पिशवी हळूच तिच्याकडे परत सरकवली.

“पिशवी नको. स्क्रूड्रायव्हर आहे का?”

“कशाला?”

“किटलीशी ओळख करून घेतो. वरवरची ओळख मला आवडत नाही.”

तिनं निरखून पाहिलं. अरे देवा, हाच तो! घरातली यंत्रं उघडून त्यांची पोलखोल करणारा ब्लॉगवाला. वाचक त्याला लाडानं खटपट्या म्हणत. मॅडम काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

“आमच्या पत्रकात सगळी माहिती दिली आहे,” ती कामाच्या आवाजात म्हणाली.

“वाचलं ना. किटली सोडून सगळं आहे त्यात.”

हसायचं नाही असं ठरवूनही ती फस्सकन हसली. पुढच्या रांगेतून मॅडमनी मान वळवून पाहिलं, तेव्हा कुठे ती भानावर आली.

दुसऱ्याच दिवशी त्याचा लेख आला. किटली तिरकी केली की झाकण उघडतं आणि वाफ थेट मनगटावर येते. लेखाखाली लोकांनी आपापल्या भाजलेल्या मनगटांचे फोटो टाकायला सुरुवात केली. मॅडमनी चार संपादकांना फोन लावले. चौघांनी अदबीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण मॅडम, आम्ही छापलंच नाहीये, तर थांबवू काय?”

मॅडम खुर्चीत मटकन बसल्या. आणि ती पर्स उचलून थेट त्याच्या खोलीवर गेली.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. उघडलेल्या इस्त्र्या, पंख्यांची पाती, वायरींची भेंडोळी…

“कंपनी आली आहे की तुम्ही?” त्यानं विचारलं.

“आधी मी. कंपनी मागून येतेय.”

त्यानं पाणी उकळून किटली तिच्या हातात दिली. तिनं ती जरा तिरकी केली, आणि वाफेचा भपकारा मनगटावर आला! ती ओरडायच्या आत त्यानं तिचा हात नळाखाली धरला होता. गार पाणी मनगटावरून वाहत राहिलं. जळजळ केव्हाच थांबली होती, पण ते त्याला सांगायची तिला मुळीच घाई नव्हती.

त्यानंतर ती हात धुऊन कंपनीच्या मागे लागली. झाकणाची कडी बदलून घेतली. तक्रार करणाऱ्या एकेकाला कंपनीच्या खात्यावरून स्वतः उत्तरं लिहू लागली. कशी लिहायची ते तोच शिकवायचा.

“‘ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय’… हे कोण बोलतं गं घरी?”

“मग काय लिहू?”

“आमचं चुकलं. माफ करा. बदलून देतो.”

“चुकलं असं लिहायचं?” मॅडमनी कपाळाला हात लावला. पण लोक निवले, आणि मॅडमचा हातही खाली आला.

तोवर ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं. रोज संध्याकाळी ऑफिसच्या कोपऱ्यावर तो उभा असायचा, आणि ‘सहज आलो होतो’ म्हणायचा. ती बावळटासारखी रोज त्यावर विश्वास ठेवायची. ताईला तर तिनं सांगूनही टाकलं, “एकाला घरी आणणार आहे. घरातली इस्त्री लपवून ठेव.”

नव्या झाकणाची परीक्षा घेऊन त्यानं दुसरा लेख लिहिला, आणि सकाळी फोनवर तिला शेवट वाचून दाखवला. “या किटलीत पाणी उकळेपर्यंत एक मुलगी चारदा नाही म्हणते आणि पाचव्यांदा हसते. मला ती कायमची हवी आहे…”

“काढ ते! लोक वाचतात!” तिचे कान तापले.

“वाचू देत. ठेवणार म्हणजे ठेवणार.”

त्यानं गंमत केली होती. परिच्छेद काढूनच लेख टाकला होता. तिनं मात्र लेख आलेला दिसताच, तो न उघडताच, खाली लिहून टाकलं, “जेवलास का? आणि तो शेवटचा परिच्छेद काढ! किती वेळा सांगायचं?”

सकाळपासून ती तक्रारींना उत्तरं देत होती. फोनवर कंपनीचं खातं तसंच उघडं होतं.

लेखात आता शेवटी होता तो परिच्छेद वेगळाच होता… झाकण उत्तम झालंय, पण दांडा अजून तापतो, अशी तक्रार करणारा. आणि त्याखाली कंपनीच्या नावानं आलेला हुकूम! तिनं तो पुसला, पण तोवर त्याचे फोटो गावभर झाले होते. खटपट्या विकला गेला, लोक म्हणाले. कंपनी त्याला जेवण घालते आणि लेख तपासते, हेही म्हणाले.

ती धावत त्याच्या खोलीवर गेली. तो स्टुलावर मान खाली घालून बसला होता.

“खरं सांगून टाकू,” ती म्हणाली. “मी नोकरी सोडते. तू तो खरा परिच्छेद छाप.”

“म्हणजे लोक म्हणतील, पोरीपायी किटली गोड लागली.”

“झाकण खरंच चांगलं झालंय ना?”

“झालंय. पण ते आता कोण ऐकणार?” त्यानं वर पाहिलं. “इतक्या वर्षांत माझ्याकडे काय जमलंय? लोकांचा विश्वास. बाकी या भंगाराला कोण विचारतंय?”

“मग काय करू म्हणतोस?”

तो स्क्रू चाळवू लागला. “तू… लिही काहीतरी. चुकून गेलं, ओळख कामापुरतीच आहे… तुला जमतं ते.”

तुला जमतं ते. नळ तोच होता, खोली तीच होती, आणि तो मात्र एखाद्या घाबरलेल्या गिऱ्हाइकासारखा तिच्याकडे बघत होता.

तिनं लिहिलं. त्यानंच शिकवलेल्या साध्या भाषेत. “ती ओळ आमच्या एका कर्मचाऱ्याकडून चुकून गेली. ती या लेखाबद्दल नव्हती. लेखकाशी आमच्या कुणाचंही वैयक्तिक नातं नाही. आमचं चुकलं. माफ करा.” खाली स्वतःचं नाव घातलं. त्यानं ते जसंच्या तसं ब्लॉगवर लावलं. लोकांनी विश्वास ठेवला. काहींनी तर त्याची माफीही मागितली. मॅडम पहिल्यांदाच तिच्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, “शाब्बास. एक शब्द जास्तीचा नाही.”

संध्याकाळी ताईचा फोन आला. “अगं, हे काय वाचतेय मी? मग मला काय सांगत होतीस इतके दिवस?”



आठवडा उलटला. कोपऱ्यावर कुणी उभं नव्हतं. ती रोज बघत होती, आणि रोज स्वतःचा राग करत होती. मग एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज पूर्वीसारखाच, हसरा.

“निवळलं बघ सगळं! कमाल केलीस तू. आज येतेस? फक्त… मागच्या जिन्यानं ये. थोडे दिवस.”

“निवेदन वाचलंस का?”

“म्हणजे काय! पाठ आहे मला.”

“काय लिहिलंय त्यात आपल्याबद्दल?”

तो गडबडला. “अगं… ते लोकांसाठी होतं ना.”

“खाली माझं नाव आहे,” ती म्हणाली. “आणि मी खोटं निवेदन काढत नाही.”

तिनं फोन ठेवला. मग झेरॉक्सच्या मशीनआड जाऊन, तोंडावर हात दाबून ती खूप रडली. कारण त्या क्षणापर्यंत ते खोटंच होतं.