विहीर उभी आहे तोवर

अण्णांना बेटावर जायचं होतं ते एका विहिरीसाठी! चाळीस वर्षं नकाशा कचेरीत मोजणीदार म्हणून घालवलेले अण्णा निवृत्त झाले होते. पण नव्या नकाशातून आपल्या जन्मगावचं बेट उडणार हे कानावर आलं, तसे ते तडक साहेबांपुढे उभे राहिले.

साहेब म्हणाले, "नियम तुम्हीच आम्हाला शिकवलात. गाव उठून पन्नास वर्षं झाली. बेटावर माणसाच्या हातचं एक तरी बांधकाम उभं असेल, तर दोन जागांवरून मोजून आणा. नाहीतर 'वाळूचा पट्टा, नाव नाही' असंच छापणार. उद्या शेवटचा दिवस."

आक्का, अण्णांची थोरली बहीण, हटूनच बसली. "मीही येणार. उरली असेल तर गावची विहीरच, आणि तिचा पत्ता तुला काय ठाऊक? तू तेव्हा चड्डी सावरत फिरायचास!"

नदीला वरून पाणी येत होतं. नावाडिणीने दोन भोवरे चुकवून नाव बेटाच्या शांत बाजूला लावली आणि बजावलं, "काका, पाणी चढतंय. दुपारच्या आत परत या, मी थांबायची नाही."

बेटावर सगळे पत्ते नाकापासून सांगत. नाक म्हणजे वरचं टोक, जिथे धार दुभंगते. "नाकापासून सहाशे पावलं," म्हणत आक्का मोजत निघाली. डोक्याएवढं लव्हाळं, गुडघाभर चिखल, हातापायांवर काट्यांचे ओरखडे. सहाशे पावलं झाली. विहीर नव्हती!

आक्का मटकन खाली बसली. तिला सगळं आठवत होतं: राहाटाची कुरकुर, काठावर बायकांच्या गप्पा, आईने उन्हाळ्यात डोक्यावर ओतलेली गार पाण्याची कळशी. तसं गार पाणी पुन्हा कधी मिळालं नाही.

अण्णांनी कपाळावर हात मारला. "काय गाढव आहे मी! अगं, नदी बेटाचं नाक खाते आणि शेपटीला गाळ घालते. जन्मभर लोकांना हेच समजावलं, आणि स्वतःच्या गावात पावलं मोजत बसलो! नाकच मागे सरकलंय. विहीर आता नाकाशीच असणार. पलीकडे, धारेच्या बाजूला!"

दोघं लव्हाळं तुडवत धावली. आणि खरंच! नदीने भोवतालची माती खरवडून नेली होती, आणि जमिनीत असायची ती विहीर धुराड्यासारखी पाण्यात उघडी उभी होती. काठावर दोराने पडलेल्या खाचासुद्धा दिसत होत्या.

"आपलीच आहे रे!" आक्का रडत हसली.

अण्णांनी घाईघाईने सोबत आणलेली मोजणीची दुर्बीण मांडली. पहिलं माप मिळालं! मग दुर्बीण उचलून ते वीस पावलं मागे गेले. अंतर धरायला आक्का खुणेची काठी घेऊन कडेला उभी राहिली. अण्णांनी डोळा लावला. विहीर नीट दिसली. आकडा वाचायचा, बस!

तेवढ्यात आक्का आणि अण्णांच्या मधल्या जमिनीला भेग पडली.

"आक्का, इकडे पळ!"

पाण्याच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. अण्णांनी दुर्बीण तशीच टाकली. धावले. हात धरला. ओढलं! दोघं चिखलात आडवी झाली आणि कडा धाडकन नदीत गेली. विहीर एकदा डुलली, कलली आणि आडवी झाली. पाणी वर उसळलं, मग काहीच उरलं नाही.

नाव सुटली तरी आक्काचा राग शांत होत नव्हता. "आकडा वाचून मग यायचंस ना! एका क्षणाने काय बिघडलं असतं? आता तरी लिही, उभी आहे म्हणून. कोण बघायला येतंय?"

"नसलेली गोष्ट मी कधी नकाशावर काढली नाही, आक्का." अण्णांनी ओल्या वहीत लिहिलं, वाळूचा पट्टा, नाव नाही. लिहिताना त्यांचे डोळे भरून आले. नावाडीण वल्ही मारत होती.

काठ जवळ आल्यावर आक्काने विचारलं, "मग आता कुणी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या, तर मी काय सांगायचं?"

"बेटाचं नाव सांगायचं. हो म्हणायला मी आहे. पण मघाशी तू गेली असतीस, तर मला हो म्हणायला कोण राहिलं असतं?"

आक्काने पदराने अण्णांच्या तोंडावरचा चिखल पुसला.