हिरवा दिवा लागल्यावर

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडली. ती थापा मारणारी बाई नाही. शिवाय प्रत्येक तपशील मी तिला दोन-दोनदा विचारून घेतलाय.

मंगळवार. दुपारचे अडीच. औषधांच्या शीतगृहाचं ऑफिस, पहिला मजला.

ती तिथे प्रोग्रामर होती. काळ्या स्क्रीनवर चालणारं एक छोटं टूल हे तिचं रोजचं हत्यार. एक ओळ टाइप केली की एका प्रोग्रामचा निरोप दुसऱ्याला जातो. नियम एकच. निरोप एकदाच मिळतो. जो आधी घेईल, त्याचा.

वर्षभरापूर्वी तिथला मेकॅनिक चार नंबरच्या गोठवणाऱ्या खोलीत अडकला. भर उन्हाळ्यातही स्वेटर घालायचा, म्हणून सगळे त्याला स्वेटरच म्हणायचे. त्याने आतलं बटण दाबलं. दाराच्या प्रोग्रामला निरोप निघाला.

पण चाचणीसाठी उघडलेली टूलची एक खिडकी कुणीतरी बंद करायला विसरलं होतं. निरोप त्या खिडकीनेच घेतला. दाराला काही कळलंच नाही.

निरोप कुणीही घेतला की आत हिरवा दिवा लागायचा, म्हणजे मदत येतेय.

तो दिवा बघून स्वेटर निवांत वाट बघत बसला...

"खिडकी तुझीच होती," दादा तिला म्हणाला होता. दादा म्हणजे तिला काम शिकवणारा सीनियर. "नोंदी मी पुसल्यात. माझ्या तोंडून तुझं नाव निघणार नाही."

वर्षभर तिला धड झोप नव्हती. स्वेटरची विधवा बायको समोर आली की मान खाली जायची. दादाची उरलीसुरली कामं, त्याच्या रविवारच्या पाळ्या, सगळं ती मुकाट्याने करायची. उपकार होते ना त्याचे.

त्या मंगळवारी जुनी यंत्रणा कायमची बंद करायची होती. शेवटचं तपासावं म्हणून तिने टूल सुरू केलं.

एक निरोप आला...

"चार नंबर. आत माणूस आहे."

चार नंबरची वायर कापून सहा महिने झाले होते.

पुन्हा तोच निरोप...

पुन्हा...

शेजारचा पंखा थांबला. मग खालच्या यंत्रांची घरघरही ऐकू येईना.

चौथ्या निरोपाखाली आणखी एक ओळ होती. गेल्या वर्षीची तारीख, आणि निरोप घेणाऱ्या मशीनचं नाव.

मशीन दादाचं होतं.

ती त्याच्या टेबलाशी गेली. "दादा, ती खिडकी कुणाची होती?"

त्याने मान वर केली नाही. "आता कशाला उकरून काढतेस?"

"कुणाची?"

"अगं, सांभाळून घेतलं ना तुला? मला दोन पोरं आहेत. तू काय, एकटा जीव."

तिने पर्स उचलली. राजीनामा घरून पाठवला.

शनिवारी सकाळी दादाचा फोन आला.

"माझ्या घरच्या लॅपटॉपवर निरोप येतायत. तू पाठवतेस?"

"नाही."

"खिडकी बंदच होत नाहीये गं. येऊन बघ ना. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"

बाहेर ऊन रणरणत होतं. आणि फोनवर त्याचे दात वाजत होते...

"थांब तिथेच," ती म्हणाली. "निघालेच मी."

फोन ठेवला. आणि ती जागची हलली नाही.

पुन्हा त्याचा फोन आला नाही. तिने चौकशी केली नाही.

हे ऐकल्यापासून मीही केलेली नाही.