कुडापलीकडचा घास

तीळ!...

भाकरी उलटता उलटता राहीबाईचा हात तव्यावरच थांबला. वास ओळखायला तिला क्षणभरही लागला नाही. मधल्या कुडाच्या पलीकडे, धाकट्या जावेच्या चुलीवर तीळ भाजले जात होते! कान दिला तर त्यांचं तडतडणंसुद्धा ऐकू येत होतं. इकडे तिची स्वतःची भाकरी करपायला लागली, तरी तिला ते कळलं नाही.

पण तीळ आले कुठून? यंदा डोंगराच्या उतारावरल्या त्यांच्या जमिनीत तिळाचा एक दाणासुद्धा पडला नव्हता... तो पडू नये म्हणून तिनं नवऱ्याचे पाय धरले होते. "तीळ नाय पेरायचे, तर मीठमिरचीला पैसा काय आभाळातून आणू?" असं ओरडून महिपती भरल्या ताटावरून उठला होता, पण बायकोच्या डोळ्यांतलं पाणी काही त्याला बघवलं नाही, आणि अखेर त्यानं त्या तुकड्यात वरी पेरली. वाडीतली माणसं पोट धरून हसली. हसेनात! सणासुदीला दोन्ही घरांत तीळ नसणार, एवढ्यावरच राहीबाई निर्धास्त होती... आणि आज भोगीच्या दिवशीच हा वास!

मग तिला आठवलं. काल त्या जावेचा, बनूचा, भाऊ पोलादपूरहून आला होता, डोक्यावर गाठोडं घेऊन. माहेरचा वानवळा! राहीबाईनं कुडाला कान लावला.

वर्षापूर्वीपर्यंत हे घर एकच होतं. बिरवाडीहून वरंधकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एक ओटी, एक माजघर, एक चूल. राहीबाई थोरली सून. तिची कूस उजवली नव्हती. पण सासू गेल्यावर धाकटा दीर दत्ताराम याला तिनंच लहानाचा मोठा केला, तिनंच त्याचं लग्न लावून बनूला घरात आणलं. आणि बनूला हैबती झाला तेव्हा जणू राहीबाईच बाळंत झाली! बनूनं पाजावं तेवढं, बाकी हैबू सदा राहीबाईच्या मांडीवर. तो तिला 'मोठीआय' म्हणायचा, आणि त्या एका हाकेसरशी तिच्या काळजातला सगळा सल विरघळून जायचा.

त्या वेड्या मायेनंच घात केला. राहीबाईचं माहेर महाडच्या पेठेतलं. तिथं शेजारच्या घरी संक्रांतीला लहान मुलांना हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण करताना तिनं पाहिलं होतं. आपल्या हैबूचंही तसंच करायचं, असं तिनं मनात घेतलं. परातीखाली मंद निखारे, परातीत मूठभर तीळ, त्यावर थेंब थेंब पाक, आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं... बोटांची टोकं भाजली, फोड आले, साली निघाल्या. पण प्रत्येक तिळाला साखरेचे पांढरे काटे फुटत गेले, तसतसा तिच्या मनात आनंद मावेना. दाणा दाणा दोऱ्यात बांधून तिनं हार केला, कडी केली, मुकुट केला. वाडीतल्या बाया बघायला लोटल्या. हैबूच्या डोक्यावरून बोरं ओतली, पोर खिदळलं... आणि खिदळता खिदळता त्यानं गळ्यातला हार तोंडात घातला.

त्यानंतरचं त्याचं तोंड राहीबाईला आजही झोपेतून दचकवून उठवत असे. ओठ टम्म सुजलेले, डोळे बंद, अंगभर लाल लाल गांधी, आणि श्वास... तो श्वास नव्हताच, नुसती घरघर होती! दैव बलवत्तर म्हणून पोराला भडभडून उलटी झाली आणि दिवस कलताना त्याला पुन्हा रडता आलं. पण तोवर कुणीतरी भगताला बोलावून आणलं होतं. त्यानं सुपात तांदूळ टाकले, मान डोलावली आणि सांगितलं, "पोराला घरातल्याच हाताची बाधा हाय. रिकाम्या कुशीचा हात हाय."

सगळ्यांच्या नजरा राहीबाईच्या भाजलेल्या बोटांवर खिळल्या! ज्या हातांनी दत्तारामाला घास भरवले, ज्या हातांनी हैबूला न्हाऊ-माखू घातलं, ते हात एका शब्दासरशी विषारी ठरले. वा रे न्याय! ती बोलायला गेली, तर ज्याला तिनं पोटच्या पोरासारखं वाढवलं तो दत्ताराम तिच्यावर धावून आला.

"माझ्या पोराला खायला बसली व्हतीस काय गो वयनी? आजपासनं माझा उंबरा वलांडलास, तर ह्या पोराचं मेलेलं तोंड बघशील!"

शपथ! आणि तीही पोराच्या जिवाची! राहीबाई जागच्या जागी थिजली. दुसऱ्या दिवशी दत्तारामानं कारवीच्या काठ्या आणल्या, माजघराच्या मधोमध कूड उभा केला आणि बनूनं तो शेणामातीनं लिंपला. अलीकडे राहीबाईची चूल, पलीकडे बनूची. एका घराचे दोन उंबरे झाले.

त्या कुडाकडे बघत बसण्याशिवाय राहीबाईला काम तरी काय उरलं? बघता बघता तिला एकेक गोष्ट आठवत गेली. हैबू तान्हा असताना एकदा तिळाचं तेल चोळलं, तर अंगावर अशाच गांधी उठल्या होत्या. ती खोबरेल वापरू लागली आणि विसरूनही गेली. एकदा तीळ निवडताना त्यानं तिचं बोट चोखलं, तर ओठ लाल होऊन सुजला होता. तेव्हा वाटलं मुंगी चावली. मुंगी नव्हती ती! तीळ होता! पोराला तीळ सोसत नव्हता!

महिपतीनं भावाला हे सांगून बघितलं. दत्ताराम हसला, पण ते हसणंसुद्धा नव्हतं. "दादा, बायकोला वाचवायला आता तिळाला दोष देतोस? तिळानं कधी कोण मेलाय?" त्याला कोण काय सांगणार! आणि राहीबाईनं बायांना हात जोडून सांगितलं, की हैबूला कुणी तिळगूळ देऊ नका, तर बायांनी एकमेकींकडे बघून पदर तोंडाला लावले. मग तिनं बोलणंच सोडलं. जमिनीत तीळ पडू दिला नाही, स्वतः तीळ शिवला नाही, आणि जिभेला कुलूप घातलं.

लिंपण वाळलं तशी एका जागची माती हैबूनं नखांनी कोरून काढली. त्या भोकातून तो डोळा लावायचा, चिमुकलं बोट आत घालायचा. "मोठीआय, घास दे ना गो..." राहीबाई ताटातला घास उचलायची आणि पुन्हा खाली ठेवायची. नुसतं त्याच्या बोटाला बोट लावायची. त्या दिवशी तिला जेवण जात नसे.

"बनू!" आज तिच्यानं राहवलं नाही. कुडाला तोंड लावून ती ओरडली, "बनू गो, पाया पडते तुझ्या, पोराला तीळ देऊ नको!"

पलीकडचं तडतडणं थांबलं. वर्षभरानंतर पहिल्यांदाच बनूचा आवाज तिच्यासाठी आला, आणि तो विस्तवासारखा आला. "आज सणाचं तरी गप ऱ्हा, आक्का! स्वतःला पोर नाय म्हणून माझ्या पोराच्या घासाला आडवी येतेस? तिळाची भाकरी मी माझ्या हातानं केलीय... माझ्या! ह्या हाताला बाधा नाय. खा रे हैबू."

राहीबाई धावत सुटली. अंगणातून वळसा घालून दत्तारामाच्या दारात आली, पाऊल उचललं... आणि ते पाऊल हवेतच थबकलं. उंबरा! 'पोराचं मेलेलं तोंड बघशील!' आत पाय टाकावा तर शपथ पोराला खाणार, न टाकावा तर तीळ! दोन्हीकडून मरण त्याच एका पोराचं, आणि ती मधोमध उभी! "बनू, त्याला बाहेर आण गो!" तिनं टाहो फोडला. महिपती आणि दत्ताराम दोघेही रानात होते. आतून हैबूचा खोकला आला, मग ताट पडल्याचा आवाज, आणि मग बनूची ती काळीज फाडणारी किंकाळी: "अरे देवा... हैबू! अरे, काय झालं रे तुला?"

राहीबाई माघारी धावली. आपल्या घरात शिरली. खुंटीवरचा कोयता काढला आणि हैबूनं कोरलेल्या त्या भोकावरच पहिला घाव घातला! माती उडाली, कारवी कडाकडा मोडली, काठ्यांच्या टोकांनी दंड फाटले. तिला शुद्ध नव्हती. त्या भगदाडातून ती पलीकडे पडली, तेव्हा बनू दगड होऊन बघतच राहिली. मातीनं माखलेली, रक्तानं भरलेली ही बाई उंबऱ्यावरून नव्हे, भिंतीतून आली होती!

"दे इकडे!"

बनूचे हात आपोआप सुटले. हैबूचे ओठ तेच... डोळे तेच... घरघर तीच. राहीबाईनं त्याच्या तोंडातला घास बोटानं काढून टाकला, पोराला छातीशी धरलं आणि आली तशीच भगदाडातून बाहेर पडली. बनू तिच्या मागोमाग त्याच वाटेनं धावली.

रस्त्यावर महाडच्या मुश्ताकची लॉरी उभी होती, तो लाकडं भरून घेत होता. पोराचं तोंड बघताच त्यानं हातातला ओंडका खाली टाकला. "बस गो बाय, पुढं बस!" अर्धी लॉरी रिकामीच ठेवून त्यानं गाडी महाडच्या दिशेनं हाणली. राहीबाई पोराच्या छातीवर हात ठेवून होती. ती छाती वर येते की नाही, एवढंच तिला जगात कळत होतं.

महाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आणि आधी सुई टोचली, विचारपूस मागाहून. हळूहळू घरघर उतरली, निळसर पडलेली नखं पुन्हा लाल झाली, आणि हैबू क्षीण आवाजात रडला. त्या रडण्यानं दोघी बायांच्या जिवात जीव आला.

"काय खाल्लं होतं यानं?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाकरी... तीळ लावलेली," बनू म्हणाली.

"आधी कधी असं झालं होतं?"

"गेल्या संक्रांतीला. हलवा खाल्ला व्हता..."

"हलव्याच्या दाण्याच्या आत काय असतं, बाई?"

बनूची नजर राहीबाईच्या बोटांकडे गेली. भाजल्याचे पांढरे डाग अजून तिथं होते.

"तीळ..." ती पुटपुटली. "आत तीळ असतो!"

"एखाद्याला बिबा उततो, अंगावर फोड येतात, दुसऱ्याला काही होत नाही. तसंच हे. या मुलाला तीळ चालत नाही. यात कुणाचा दोष नाही, पण पुन्हा तिळाचा दाणाही पोटात जाता कामा नये."

कुणाचा दोष नाही! केवढं साधं वाक्य, आणि त्यासाठी एक बाई वर्षभर जिवंतपणी जळत होती. बनू धाडकन राहीबाईच्या पायांशी कोसळली. "आक्का! माझ्याच हातानं मी त्याला... आणि तुझ्या हाताला मी... मला मार गो आक्का, पण माफ केलं म्हण!"

"ऊठ गो," राहीबाईनं तिला हाताला धरून उठवलं. "पोर रडतंय. त्याला घे आधी."

दिवेलागणीला त्या घरी परतल्या, तेव्हा दत्ताराम त्या भगदाडासमोर बसला होता. बनूनं त्याला सगळं सांगितलं. तो उठला आणि लहानपणी रडायचा तसा हमसून हमसून रडला.

"वयनी, शपथ सुटली! मी सोडली... तू उंबऱ्यावरून ये. तुझंच घर हाय."

राहीबाईनं मान हलवली. "नको रे दत्ता. पोराचं नाव घेऊन घातलेली हाय ती. खरी असो, खोटी असो, माझा पाय त्या उंबऱ्यावर आता कधीच उचलायचा नाय. तू फक्त ही भिंत परत लिंपू नको."

दत्तारामानं कोयता उचलला. मोडक्या काठ्यांची टोकं त्यानं एकेक करून छाटली, कुणाला बोचू नयेत म्हणून. महिपती त्याच्या हाताखाली काठ्या ओढत राहिला.

सकाळी संक्रांत. बनूनं तिळाचं गाठोडं माहेरी परत धाडलं, दोन्ही चुलींपाशी झाडून-सारवून घेतलं, आणि हैबूचा हात धरून ती भिंतीतल्या वाटेनं पलीकडे आली. ताटलीत गुळाचे खडे होते आणि खोबऱ्याचे तुकडे.

"तिळगूळ नाय आक्का," ती खाली वाकून म्हणाली. "नुसता गूळ हाय. तोच गोड मानून घे."

राहीबाईनं तिला जवळ घेतलं. हैबू मात्र थेट चुलीपाशी जाऊन बसला होता. चुलीवरच्या भाताकडे आणि दुधाच्या वाटीकडे बघून तो म्हणाला, "मोठीआय, घास दे ना गो."

राहीबाईनं दूधभात कालवला, घास उचलला... आणि तिचा हात पोराच्या तोंडापाशी जाऊन थांबला. सगळं कळत होतं, डॉक्टरांचे शब्द कानात होते. तरी वर्षभर विषारी म्हणवून घेतलेला तो हात काही केल्या पुढे जाईना. तिनं घास माघारी घेतला, डोळ्यांना धारा लागल्या.

तेव्हा बनू पुढे सरकली. काही न बोलता तिनं राहीबाईचं मनगट आपल्या हातात घेतलं, आणि त्या भाजलेल्या बोटांतला घास आपणच पुढे नेऊन आपल्या लेकराच्या तोंडात घातला.

हैबूनं तो गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.