खडकावरचं लाल फडकं

यंदा गुहा बघायचीच, असा वजनमापे निरीक्षकांच्या बायकोनं धोशा लावला होता. स्वयंपाकघरातल्या जुन्या कॅलेंडरवर त्या गुहेचं चित्र होतं. वर्ष कधीच सरलं, पण बाईंनी चित्र भिंतीवरून काढू दिलं नाही. कड्याच्या पोटात हिरवंगार पाणी आणि त्यावर उतरलेलं ऊन! आता गुडघे कुरकुरत होते. आज नाही, तर कधीच नाही!

निरीक्षकसाहेबांना मात्र वाटाड्याच पटला नव्हता. दुकानदारांचे तराजू तपासण्यात जन्म गेलेला. माणूस हसला की आधी त्याच्या हातांकडे बघायचं, ही खोड. निघताना वाटाड्या काहीबाही समजावत होता, तेव्हा साहेब त्याचा दोर टेपनं मोजत होते.

"दोर ठीक आहे ना हो?" बाईंनी विचारलं.

"दोर ठीक आहे. माणसाचं काही सांगता येत नाही."

ओहोटीनं उघडी पडलेली वाट कड्याच्या पायथ्यानं जात होती. एका हाताला काळाकभिन्न कडा, दुसऱ्या हाताला उसळता समुद्र, पायाखाली शेवाळलेले धोंडे. एका चिंचोळ्या खिंडीत वाटाड्यानं पाण्यालगतच्या खडकाला लाल फडकं बांधलं, लांबवर नजर टाकली आणि स्वतःशीच मान हलवली.

साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. खूण! मागून याचे साथीदार येणार आणि बायकोच्या गळ्यातलं सोनं जाणार! ते मुद्दाम मागं रेंगाळले, फडकं सोडलं आणि खिशात कोंबलं.

शेवटच्या वळणावर गुहेचं तोंड दिसलं. अगदी हाकेच्या अंतरावर! वाटाड्यानं वळून लांबच्या खिंडीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"फडकं बुडालं! वर चढा! आत्ताच्या आत्ता!"

"अहो, पण गुहा समोर आहे!"

"काकू, निघताना सांगितलं ना? फडकं पाण्याखाली गेलं की परतीची वाट बंद! चढा!"

दोर वर गेला. बाई चढल्या. पाय निसटला! साहेबांनी खालून खांदा दिला. कशाबशा त्या कपारीत पोचल्या. गुडघा फुटला होता, पण डोळ्यांत पाणी आलं होतं ते गुहेसाठी. साहेबांना ते बघवेना.

"थांबा," ते पुटपुटले. "फडकं... माझ्या खिशात आहे."

बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे पाणी चढलंच नाही? चला मग!"

वाटाड्यानं खाली पाहिलं. खिंडीत नुसता फेस दिसत होता, पाणी किती चढलंय ते कळत नव्हतं. "फडकं असतं तर त्यानंच सांगितलं असतं. आता सगळं अंदाजे. साहेब, तुम्हीच बोला."

अंदाजे! हा शब्द साहेबांनी कुठल्याही दुकानदाराचा ऐकून घेतला नव्हता.

"वरच चला," ते म्हणाले.

माथ्यावर पोचून तिघंही बसून राहिले. खालची वाट बराच वेळ कोरडीच होती. गुहेत जाऊन येणं सहज झालं असतं. पाणी वाटेवर येईपर्यंत बाई खाली बघत राहिल्या. साहेब मान खाली घालून बसले होते.

"इकडे द्या ते फडकं," बाई म्हणाल्या. ते त्यांनी फुटलेल्या गुडघ्यावर करकचून आवळलं.

"उद्या परत यायचं. गुडघा गेला खड्ड्यात! आणि उद्या तुम्ही माझ्या पुढं चालायचं. तुमच्यावर लक्ष ठेवायला मागं मी!"