जुन्या वसतिगृहाचा फोन

ती बातमी आली त्या दुपारी मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढत होतो. धाकटा भाऊ आणि मी एकाच विद्यापीठाच्या नेटवर्क विभागात कामाला. आवाराच्या पार टोकाला जुनं वसतिगृह आहे. तिथल्या स्विचची, म्हणजे इमारतीला इंटरनेट पोचवणाऱ्या यंत्राची, सेटिंग त्याने आमच्या खोलीत बसूनच बदलली आणि ती चालते का, हे बघायला तो स्कूटर घेऊन निघाला.

त्याची एक पद्धत होती. लांबच्या स्विचला हात लावण्याआधी तो टायमर लावायचा. ठरल्या वेळात कुणी पडद्यावर 'हो' दाबलं नाही, तर स्विच आपोआप जुन्या सेटिंगवर परत. काही चुकलंच, तर तिथलं नेटवर्क तुटून पडायला नको.

"दादा, पोचलो की तिथल्या फोनवरून रिंग देतो," हेल्मेटचा पट्टा लावत तो म्हणाला. "मग तू 'हो' दाब. आधी दाबलंस तर मार खाशील."

"मोठ्या भावाला मार?"

"तू घाई करतोस ना, म्हणून."

फोन आला तो फाटकावरच्या वॉचमनचा. ट्रक वळणावर होता. धाकटा वसतिगृहापर्यंत पोचलाच नाही.

पुढे सगळ्या आवाराची सेटिंग नवी झाली. एकटं जुनं वसतिगृह ऐकेना. नवी सेटिंग घालावी, की थोड्या वेळाने जुनी हजर. आता तिथे मुली राहायला येणार होत्या आणि त्यांच्या परीक्षा ऑनलाइन होत्या. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी टायमर शोधला. तो कुठे लावलेलाच नव्हता. शेवटी त्यांनी कोरा स्विच मागवला. केबल टाकणाऱ्या मामांनी तो खोक्यातून काढून तिथे बसवला.

"आता जुनं येईल कुठून? याला काही आठवणच नाही," असं म्हणून मॅडम मीटिंगला गेल्या.

मी नवी सेटिंग घातली. टायमर लावला नाही. भर दुपार होती. पंख्यांची घरघर चालू होती, यंत्रांवरच्या तापलेल्या धुळीचा वास येत होता. तरी पडद्यावर ओळ उमटली : बदल कायम करायचे? खाली सेकंद उतरू लागले.

आणि टेबलावरचा फोन वाजला. नंबर वसतिगृहाचा.

मामा अजून तिथेच होते, मी त्यांना मोबाइल लावला. "मामा, तिथून फोन करताय का?"

"कशावरून करू? फोन केव्हाच काढून नेलाय. नुसती वायर लोंबतेय." मग त्यांचा आवाज उतरला. "साहेब... वर कुणाला पाठवलंय का? जिन्यात बूट वाजतायत. दोन-दोन पायऱ्या चढतंय कुणीतरी..."

धाकटा कायम तसाच चढायचा.

टेबलावरचा फोन थांबेना. मी उचलला. आधी दम लागलेला श्वास. मग हेल्मेटचा पट्टा सुटल्याचा टक् आवाज.

"दादा... पोचलो."

माझं बोट बटणावर होतं. दाबलं असतं तर मुलींचं काम झालं असतं. त्याचंही झालं असतं. मग त्याला पुन्हा निघावं लागलं नसतं, आणि पुन्हा पोचायचंही कारण उरलं नसतं.

"जेवलास का?" मी विचारलं.

पलीकडे नुसता श्वास. धाकटा माझ्या 'हो'ची वाट बघत होता. सेकंद संपले, फोन बंद झाला आणि नव्या कोऱ्या स्विचवर जुनी सेटिंग परत आली.

मामा आता त्या इमारतीत पाऊल ठेवत नाहीत. मुलींची सोय दुसरीकडे झाली. मॅडम म्हणतात, स्विचच खराब निघाला, जाऊ दे. त्या जेवायला गेल्या की मी रोज नवी सेटिंग घालतो. रोज फोन येतो. रोज त्याला आदल्या दिवसापेक्षा जास्त दम लागलेला असतो. काल तर 'दादा'सुद्धा पुरतं म्हणता आलं नाही त्याला.

'हो' मी अजून दाबलेलं नाही.