खळ वाळायच्या आत

"थांब! सुईत दोरा ओवू नकोस!" ताई ओरडली. "एक ताव कमी आहे!"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिघा भावंडांनी सुट्टीतला कारखाना थाटला होता. काम एकच: आजोबांच्या आठवणींचं पक्क्या पुठ्ठ्याचं पुस्तक घरच्या घरी बांधायचं! चार-चार ताव एकात एक दुमडून, आजोबांनी पेन्सिलीनं लिहिलेल्या सहा जुड्या तयार होत्या. तिसऱ्या जुडीत मात्र तीनच ताव! एकोणचाळीस ते बेचाळीस ही चार पानं गायब.

"आजोबांनी मनोऱ्यावरचं बंद घड्याळ चालू केलं, तीच पानं!" धाकटा टिंगू रडवेला झाला. आजोबा घड्याळजी होते. आता त्यांची बोटं इतकी थरथरत, की ती पानं पुन्हा लिहिणं त्यांना जमणारच नव्हतं.

"रडून पानं मिळत नाहीत," मधला वकील म्हणाला. हे नाव त्याला उगाच पडलं नव्हतं. जेवायला हाक मारली तरी तो पुरावा मागायचा! त्यानं ब्रश उचलला. "आपण खळ शिजवली, पण लावली कुठं? मग ब्रश ओला कसा?"

तिघांची नजर एकदमच कोपऱ्यात गेली. तिथं इस्त्रीच्या वजनाखाली काकांची नवीकोरी वही दबून बसली होती. काकांनी ती सकाळी स्वतःच बांधली होती. "मला कुणी शिकवू नका," असं दहादा बजावून!

"सरळ विचारू या?" टिंगू म्हणाला.

"कानांवर हात ठेवतील. त्यापेक्षा हरभऱ्याच्या झाडावर चढवू!" वकिलानं डोळे मिचकावले आणि काकांना हाक मारली. "काका, तुमच्या वहीची पाठ काय ताठ आहे हो! आमचे पुठ्ठे नुसते लटपटतात."

काका लगेच फुलले. "अरे, युक्ती आहे! दोन्ही पुठ्ठे जोडून एक जाड कागद चिकटवायचा, त्यावर कापड. इथंच पडला होता, अख्खा ताव!"

"कोरा?"

"छे! पेन्सिलीनं खरडलेला. पेन्सिलीचं म्हणजे कच्चं. रद्दीच की!"

"गुन्हा कबूल!" वकिलानं टेबलावर हात आपटला. "ती आजोबांची पानं आहेत!"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "अरे देवा! आत्ता ओढून काढतो!"

"हात लावू नका, फाटेल!" ताईनं वही ओढून घेतली. "खळ मैद्याची आहे, अजून ओलसर आहे. वाळली तर मात्र संपलं!"

तिनं अलगद कापड सोलून काढलं आणि कागदावर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं पसरलं. दहा मिनिटं तिनं ते तसंच ठेवलं. मग बोथट सुरी कडेनं सरकवत तिनं इंच इंच कागद सोडवला. एकही अक्षर फुटलं नव्हतं! शाई असती तर पसरली असती. पेन्सिलीनं पाण्याला दाद दिली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी शिवलेलं, दाबलेलं पुस्तक आजोबांच्या हातात पडलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावून टाके तपासले.

"एकही सैल नाही! शाब्बास रे पोरांनो! ही पानं गेली असती तर माझ्याच्यानं पुन्हा लिहून झाली नसती." त्यांनी पुस्तक टिंगूपुढं धरलं. "वाच रे टिंगू, एकोणचाळीसपासून."

"'मी मनोऱ्यावर चढलो, तेव्हा घड्याळ अकरा वर्षं बंद होतं...'" टिंगू ऐटीत वाचू लागला. काका गुपचूप त्याच्या मागं येऊन बसले, आणि चारही पानं संपेपर्यंत चक्क गप्प राहिले!