बारा डब्यांची मांडणी

तिने बाहेरून शटर उचललं आणि त्याच क्षणी कुणीतरी ते आतून उचललं. शटर भस्सकन वर गेलं, ती तोल जाऊन सरळ आत… आणि समोर एक उंच माणूस, काखेत पंख्याचं पातं.

"कोण तुम्ही?"

"हे गॅरेज मी भाड्याने घेतलंय."

"काहीतरीच काय! मी घेतलंय."

मालकीणकाकूंनी एकच गॅरेज दोघांना दिलं होतं. "अगं, अर्धं-अर्धं म्हणाले होते ना मी?" काकू म्हणाल्या. मुळीच म्हणाल्या नव्हत्या. पण काकूंपुढे कोण बोलणार?

मग काय, डावीकडे तिचे प्लास्टिकचे बारा मोठे डबे. ती नाटक मंडळींचे कपडे शिवायची. डब्यांत राजांचे अंगरखे, राण्यांचे झगे, शिवाय एक अख्खं अस्वल. उजवीकडे त्याचे सहा डबे, पंख्यांच्या जळक्या मोटारी आणि तांब्याच्या तारेने भरलेले. तो पंखे दुरुस्त करायचा. स्टुलावर बसून ओठ हलवत मोटारीला तार गुंडाळायचा, एकेक वेढा मोजत.

"एकशे बारा… एकशे तेरा…"

"माझी कात्री पाहिलीत का हो?"

"एकशे… झालं! शिंपीणबाई, तुम्ही बोललात की माझे वेढे चुकतात."

"मग कान झाका, पंखेवाले."

"कान झाकले तर ऐकू कसं येणार… तुम्ही बोललेलं?"

ती गर्रकन वळली आणि डब्यात डोकं खुपसून कात्री शोधू लागली. कात्री तिच्या खिशात होती आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

असे तीन महिने मजेत गेले. मग एका सोमवारी काकू दारात उभ्या. "रविवारी माझी गाडी येतेय. या वयात चालवायला शिकलेय, आता काय उन्हात उभी करू? मागच्या भिंतीला मावेल तेवढंच ठेवा. बाकीचं ज्याचं त्याने न्यावं."

लोखंडी रॅक दोघांच्याही ऐपतीबाहेरचा. पंखेवाल्याने जमिनीवर खडूने चित्र काढलं. "लाकडाची मांडणी करू. फळ्या नकोतच, खर्च फळ्यांनीच वाढतो. नुसते खांब आणि आडव्या पट्ट्या. दोन पट्ट्यांच्या मधे डबा सरकवायचा, तो आपल्या काठावर लटकतो."

"किती मावतील?"

"बारा. सहा तुमचे, सहा माझे."

तिचा चेहरा पडला. "म्हणजे माझे सहा टाकायचे? अहो, निम्मे राजे बनियनवर येतील!"

तो हसला. मग मात्र खडू बोटांत फिरवत तिच्या बारा डब्यांकडे बघत राहिला.

वखारीतून स्वस्तातल्या पट्ट्या दोघांनी मिळून निवडल्या. ती एक डोळा मिटून प्रत्येक पट्टीच्या टोकाकडून पाहायची, वाकडी निघाली की बाजूला.

"ही सरळ दिसतेय ना?"

"सुंदर दिसतेय," तो म्हणाला. तो पट्टीकडे बघतच नव्हता.

तिचे कान तापले. "मी पट्टीचं विचारतेय."

"हो, हो… पट्टीसुद्धा."

शुक्रवार-शनिवार तिच्या मंडळींचे प्रयोग होते. रविवारी सकाळी धावतपळत आली, तर मांडणी उभी! कपडे अडकू नयेत म्हणून प्रत्येक कड पॉलिशपेपरने घासलेली. तिने आपले सहा डबे वरच्या खणांत सरकवले, अगदी अलगद गेले. मग त्याचा हलकासा एक डबा उचलून खालच्या खणात घालायला गेली. तो शिरेना. दुसऱ्या खणातही नाही, तिसऱ्यातही नाही.

तिने गळ्यातली टेप काढली. बाराही खण तिच्याच डब्यांच्या मापाचे होते. त्याचा डबा दोन बोटं जास्तच रुंद.

चुकलं असेल? वेढा अन् वेढा मोजणारा माणूस बारा वेळा चुकतो होय? तेवढ्यात तिला दाराशी दोरीने बांधलेले त्याचे पाच डबे दिसले.

तो आणखी दोरी घेऊन आत आला.

"कुठे निघालात?"

"बाजारामागे एक खोली मिळतेय. लांब आहे जरा, पण… तुमचे राजे उघडे पडायला नकोत."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालेच असते! मोठा आलाय त्याग करणारा!" तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला आणखीच राग आला. "राजे गेले खड्ड्यात. मला तू इथे हवा आहेस. त्या स्टुलावर. रोज!"

बोलून गेली… आणि तिने जीभ चावली.

त्याच्या हातातली दोरी खाली पडली. "पुन्हा म्हणता?"

"अजिबात नाही."

गल्लीच्या टोकाला हॉर्न वाजला. काकू! नशीब, काकू गाडी इतकी जपून चालवायच्या की तेवढ्या अंतराला त्यांना अर्धा तास सहज लागला असता.

तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथे दोन लांब पट्ट्या टेकून ठेवलेल्या.

"या कशा उरल्या?"

"तुमचे डबे अरुंद ना… लाकूड वाचलं."

"मग ठोक त्या वर, छताला! कपडे टांगू. माणसं काय घडी करून कपडे घालतात?"

तो शिडीवर, ती खाली. सहा डब्यांतले राजे-राण्या भराभर वर गेले, रिकाम्या डब्यांत त्याच्या मोटारी उतरल्या आणि ते सहाही डबे खालच्या खणांत चपखल बसले. गाडी आत आली तेव्हा काचेवर केसाळ पंजा आपटला.

"अगं बाई, अस्वल!" काकू किंचाळल्या. मग सावरून म्हणाल्या, "बरं, कोण जातंय मग?"

"कोणीच नाही, काकू," दोघं एकदम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो गाडीशेजारी स्टुलावर बसला होता. ती गुपचूप झग्याला काठ लावत होती.

"दोनशे चार… दोनशे पाच… दोनशे…" तो अडखळला.

"आता काय झालं? मी तर तोंडही उघडलं नाही!"

"म्हणूनच चुकलं. तू कधी बोलतेस, त्याचीच वाट बघत होतो."

तिने सुई कापडात खोचली, उठून त्याच्याजवळ गेली आणि काल पुन्हा म्हणायला नकार दिलेलं सगळं त्याच्या कानात म्हणाली… सावकाश, एकही शब्द न गाळता.

ती मोटार त्या दिवशी काही पुरी झाली नाही.